केसरची वेगळी चूल

म्हसळ्याच्या अलीकडच्या गावात केसर ही बाळाजीची विधवा. नवरा तापाने गेला तेव्हा लेक रंगू अंगावर पीत होती. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात आंबे काढताना ओंबिलींनी, त्या तांबड्या मुंग्यांनी, केसरच्या मनगटाला कडाडून चावे घेतले. फांदी सुटली. पाय मोडला. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि ती मागच्या पडवीत पडून राहिली.

उठता येईना, म्हणून ती बघत राहिली. समोरच्या आंब्यावर ओंबिली पानं शिवत होत्या. एकमेकींच्या कमरेला धरून पानं जवळ ओढायच्या. एक गळाली की तिच्या जागी दुसरी. वेगळी अशी एकही ओळखू येईना. घरातही तेच. लावणी, कांडण, शेणगोठा; सासूने "धाकटे" म्हटलं की उठायचं.

डोक्यावरच्या वाशात मात्र एक काळी भुंगी एकटीच भोक कोरत होती. भुसा केसरच्या गोधडीवर पडे. असला वासा माहेरी बापाने फोडला होता, तेव्हा आत कप्पे निघाले होते. कप्प्याकप्प्यात पिवळ्या परागाचा गोळा, त्यावर अंडं. शिदोरी ठेवायची, दार लिंपायचं. कुणाला विचारणं नाही.

एके दुपारी ती सासूला, जनीला, म्हणाली, "आत्याबाय, पाय बरा झाला की मी खळ्यावरच्या खोपटात ऱ्हाते. वेगली चूल मांडते."

जनी तांदूळ पाखडत होती. हात थांबला नाही. "जा की. कोन धरतंय? पन रंगू या घराची हाय. ती हितंच ऱ्हाईल."

"माजी पोर हाय ती!"

"बाळाजीची हाय."

तरीही केसर गेली. दिवाळीनंतर लंगडत खोपट सारवलं, तीन दगड मांडले. पहिल्याच सकाळी पीठ घरादाराला पुरेल इतकं मळलं गेलं. भाकऱ्या झाल्या, तिने एकच पुढ्यात घेतली. वाऱ्यासरशी रंगूचं रडणं येत होतं. मग रडणं थांबलं, ते तिला जास्त लागलं. भुंगीला कसं जमतं, दार लिंपून जायला?

चार दिवसांनी तिने तवा उचलला आणि घराची वाट धरली. थोरली जाऊ सोनूबाई ओटीवर रंगूला भात भरवत होती. रंगू आईकडे बघून हसली, आणि पुढच्या घासासाठी सोनूबाईकडे वळून तिने आ केला.