माकडाने नेलेला बालाघाट

“हा डोंगर आमच्याकडचा न्हाय,” माझ्या गोधडीकडे बघून वन्सं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सोलापूरच्या स्टँडवर उभ्या होतो.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, सुनंदाताई. निवृत्त शिक्षिका. त्यांचं लहानपण धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या बालाघाट डोंगरांजवळ गेलं. मी जुन्या साड्यांचे तुकडे जोडून निसर्गचित्रांच्या गोधड्या शिवते. गेल्या वर्षी शहरातल्या प्रदर्शनातून माझी गोधडी ‘कॅलेंडरवरचं चित्र वाटतं’ असा शेरा घेऊन परत आली. त्यानंतर दोन महिने मी सुई हातात धरली नाही. यंदाची द्यायला दहा दिवस उरले होते. गोधडीवर येडशीचे डोंगर होते, पण ते मी कधी पाहिलेच नव्हते! म्हणून वरचा थर पिशवीत घातला, अस्तर घरीच ठेवलं आणि निघालो.

तुळजापूरमार्गे धाराशिवला दोन तासांत पोचलो. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वन्सं पहिल्यापासूनच खुशीत. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरमागरम सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांचा हा तिखट प्रकार चुकवू नका. तिथून येडशीची एसटी, पुढे दरीतल्या रामलिंगच्या देवळापर्यंत रिक्षा. पाऊस सरल्यावर लगेच जा, तेव्हा ओढे वाहते असतात आणि दरी हिरवीगार.

रिक्षातून उतरले, समोर पाहिलं आणि मला हसू आवरेना.

डोंगरांना टोकंच नव्हती! सगळे माथे सपाट, कुणी सुरीने कापून ठेवल्यासारखे. माझ्या गोधडीवर मात्र निळी, टोकदार शिखरं ओळीने उभी होती.

“काय सांगत होते मी?” वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “पण तुला ऐकायचंच न्हाय.”

मी तिथेच एका पायरीवर बसले, गोधडी मांडीवर पसरली आणि शिखरं उसवायला घेतली. कात्री कचाकच चालत होती, धागे उडत होते. प्रदर्शनासाठी महिनाभर शिवलेलं मी आनंदाने फाडत होते. अशी मोकळीक मला कित्येक दिवसांत लाभली नव्हती.

वन्संनी शेंगदाण्याची पुडी सोडली आणि घोटाळा झाला. मागून एक दांडगं माकड आलं. पुडी वन्संनी झटकन पदराखाली लपवली, मग त्याने माझी गोधडीच उचलली आणि झाडावर चढलं. वर बसून त्याने अख्खा बालाघाट खांद्यावर घेतला!

“अहो, माझे डोंगर!” मी ओरडले. खाली उभे असलेले लोक मोबाइल काढून हसत होते. वन्संही हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला मात्र रडू यायच्या बेतात होतं.

नारळ-फुटाण्यांच्या दुकानातल्या पारूबाई शांतपणे बाहेर आल्या. सत्तरीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. “ताई, वरडू नका. वरडलं की ते फाडतंय.” त्यांनी मूठभर फुटाणे लांब फेकले. माकडाने गोधडी सोडली, पण एक कोपरा फांदीत अडकून टर्रकन फाटला. नेमका ओढ्याचा कोपरा.

“आता काय द्यायचं प्रदर्शनात?” मी फाटका कोपरा धरून विचारलं.

पारूबाईंनी गोधडी उलटसुलट केली. “आमी बी वाकळ शिवतो की. बसा हितं.” दुकानातून त्यांनी जुन्या लुगड्याचा मळकट हिरवा तुकडा आणला. सुई माझी, हात त्यांचा. माझे टाके मोजून मारलेले असतात, त्यांचे डोंगरउतारासारखे वाकत गेले.

“पर वढा सरळ का शिवला तुमी?” त्यांनी विचारलं. “पानी काय पट्टी लावून वाहतंय व्हय?”

दुपारभर आम्ही दोघी शिवत बसलो. समोरचे माथे बघायचे, तसेच कापायचे. वन्सं दोरा ओवून देत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माकडाची गोष्ट सांगत होत्या, दर वेळी माकड थोडं मोठं करून. तुमच्यासाठी एवढंच: तिथे हातात खाऊ धरू नका, आणि कलाकुसर तर मुळीच नको. परतताना धाराशिवला खव्याचे पेढे घेतले, त्यातले निम्मे तुळजापूरच्या आधीच संपले.

गोधडी प्रदर्शनात लागली. बक्षीस मिळालं नाही. पण एक परीक्षक पारूबाईंच्या कोपऱ्यापाशी बराच वेळ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, “हा हात कुणाचा?” मी पारूबाईंचं नाव सांगितलं, आणि पाटीवर माझ्या नावाशेजारी पेनाने त्यांचंही लिहिलं.

पाटीचा फोटो पारूबाईंच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवला. संध्याकाळी पारूबाईंचा फोन आला. नावाबद्दल अवाक्षर नाही.

“उन्हाळ्यात या,” त्या म्हणाल्या. “तवा डोंगर लई तांबडा आसतोय. हिरवं कापड आनू नका.”

मी ते वन्संना सांगितलं. त्या आत गेल्या, आपली लग्नातली विटकरी साडी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर टेबलावर पसरली.

“घे,” त्या म्हणाल्या, “काप.”