बॉनेटवरचा हात

उस्ताद आधी हात पुसत. कापडाने नव्हे, कारण गॅरेजमधलं कापड हातापेक्षा काळं असे. पँटवर, डाव्या मांडीच्या एका ठरलेल्या जागी पुसत. मग चालू गाडीच्या बॉनेटवर उजवा तळवा सपाट ठेवत आणि डावा हात वर करत. वर केलेला हात ही गप्प बसायची खूण होती. मालकाची तक्रार अर्ध्या वाक्यात थांबे.

"तुम्ही नंतर बोला," ते म्हणत. "आधी तिला बोलू द्या."

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर ट्रेलरच्या रांगेपलीकडे निळ्या पत्र्याचं हे गॅरेज तुम्ही पाहिलं असेल. पाटी नव्हती. उस्ताद मूळचे पनवेलचेच, कोकणी मुसलमान. उमेदीची बारा वर्षं मस्कतला वाळवंटातल्या गाड्या दुरुस्त करून परत आलेले. डाव्या कानाने कमी ऐकू येई. म्हणून ते हाताने ऐकत. तळवा ठेवला की समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहत, आणि मग "हां" म्हणून दुखणं सांगत. मी एका दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा पगारी उद्योग. त्या सवयीने मी उस्तादांच्याही चुका शोधल्या. दोन सापडल्या. दोन्ही त्यांनी स्वतःच मला सांगितल्या होत्या.

मी त्यांच्याकडे गेलो तो कोंबड्यांमुळे.

माझी डिझेल एसयूव्ही तेव्हा सतरा वर्षांची होती. मीटरवर दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर. पुण्याला जाताना बोरघाटाच्या चढावर कोंबड्यांनी भरलेला एक टेम्पो मागून आला, काही वेळ शेजारून चालला आणि पुढे निघून गेला. बायको बाजूच्या सीटवर होती. तिने खिडकीतून त्या टेम्पोकडे शांतपणे पाहिलं.

"अहो, कोंबड्या पुढे गेल्या," ती म्हणाली. पुण्यापर्यंत दुसरं काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात मी गाडी कळंबोलीला नेली आणि उस्तादांना सांगितलं, "हिची ताकद वाढवायची आहे." वाक्य मी घरी तयार केलं होतं. त्यात टर्बो हा शब्द दोनदा होता.

उस्तादांनी हात पुसला नाही. मागचा दरवाजा उघडून आत पाहिलं. "आधी काट्यावर नेऊन आणा," म्हणाले.

लोखंड बाजारात ट्रक तोलायचे काटे पावलोपावली आहेत. सळयांनी लादलेल्या दोन ट्रेलरच्या मध्ये माझी गाडी तोलली गेली. चिठ्ठी घेऊन परत आलो, तेव्हा उस्तादांनी गाडी रिकामी करायला लावली. माझ्याच हाताने. छतावरचं लोखंडी कॅरियर, जे मी नऊ वर्षांपूर्वी एका सहलीसाठी बसवलं होतं. जुन्या दिवाळी अंकांचे चार गठ्ठे. डंबेल्सची जोडी, वेष्टनासकट. पाण्याचे दोन भरलेले कॅन. आणि सासूबाईंच्या शिलाई मशीनचा बिडाचा पाय, जो मी दुरुस्तीला नेत होतो. सहा वर्षं नेत होतो.

पुन्हा काट्यावर. फरक एकशे साठ किलो.

"साहेब, दोन धडधाकट माणसं मागे बसवून तुम्ही घाट चढत होता," उस्ताद म्हणाले. "तीही न बोलणारी."

मग त्यांनी हात पुसला, तळवा ठेवला, कॅलेंडर पाहिलं. टर्बोकडून हवा नेणाऱ्या रबरी पाइपला चीर होती. साबणाचा फेस लावून त्यांनी ती मला दाखवली, बुडबुडे येत होते. हवेच्या फिल्टरमध्ये उंदराने घर केलं होतं आणि त्यासाठी माझ्याच दैनिकाची पुरवणी वापरली होती. मागचा एक ब्रेक अर्धवट धरून बसला होता. इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर काजळीचा थर होता, तो त्यांनी दोन दिवस खरवडला.

"ताकद बाहेरून घालायची नसते, साहेब. असते आतच. अडकलेली असते."

शेवटी त्यांनी मला गाडी चालवायला लावली, स्वतः शेजारी बसले आणि चढावर म्हणाले, "गिअर?"

"चौथा."

"का?"

"डिझेल वाचतं."

उस्ताद थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तिसरा टाका," म्हणाले. गाडी पळाली. आणखी अठरा वर्षं गेली असती, तरी मला हे कळलं नसतं. ताकदीचा बराचसा भाग ड्रायव्हरने अडवून धरला होता, ही बातमी मी घरी दिली नाही.

तुम्ही म्हणाल, इथे संपायला हवं होतं. मीही तेच म्हणतो. पण आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी मला खारघरच्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. तिथे गाडीला लॅपटॉप लावतात, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली आकडेवारी बदलतात आणि तासाभरात ताकद वाढते. पाना नको, काजळी नको. आकडेवारी बदलून वस्तुस्थिती बदलते, हे मी अनेक पत्रकार परिषदांत ऐकलं होतं आणि कधी छापलं नव्हतं. या वेळी विश्वास ठेवला.

उस्तादांचा एकच नियम होता. "दुसऱ्याकडे जायचं तर खुशाल जा. पण मला सांगून जा. नाहीतर मी इंजिनाचं ऐकू की तुमचं?" मी न सांगता गेलो. गाडी खरंच उडाली. तीन आठवडे मी पनवेलच्या प्रत्येक सिग्नलवर सर्वांत आधी निघत होतो, आणि त्या वयात निघून कुठे जायचं होतं, तर भाजी आणायला. चौथ्या आठवड्यात मागून काळा धूर येऊ लागला आणि चढावर क्लच सरकू लागला. मी गाडी उस्तादांकडे नेली आणि ऑइल बदलायचं आहे, असं सांगितलं.

त्यांनी तळवा ठेवला. कॅलेंडर पाहिलं. हात उचलून पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला.

"ही अशी नव्हती," म्हणाले. "कोणीतरी हिला जबरदस्तीने जास्त खायला घालतंय. डिझेल जास्त जातंय. कोणी हात लावला?"

"नाही," मी म्हणालो.

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही, उस्ताद."

ते तिसऱ्यांदा तळवा ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. हात उलटा करून त्याच्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी पान्याकडे पाहावं तसं. मग बॉनेटवर एक टिचकी मारली आणि म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल. पासष्ट पूर्ण झाली, साहेब."

ऑइल बदलून दिलं. मी घरी आलो. एका शब्दाचं खोटं होतं. डेस्कवर मी यापेक्षा लहान चुकांसाठी माणसांना उभं केलं आहे.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, क्लच पुरताच सरकायला लागला म्हणून पुन्हा गेलो. उस्ताद नमाजाला गेले होते. बाकावर उरणजवळच्या करंजा बंदराचा एक नाखवा, म्हणजे बोटीचा तांडेल, बसला होता. त्याच्या मासेमारीच्या बोटीबद्दल मी तिथेच बोलण्यातून ऐकलं होतं. उस्ताद वर्षानुवर्षं करंजाला जाऊन त्याच्या आणि आजूबाजूच्या बोटींची इंजिनं हाताने तपासून देत.

"कधीपासून बसलात?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा आलोय," तो म्हणाला. "बोटीवर येवाला तयारच नाय. हात गेला, म्हनतो. आता हाताचा भरवसा नाय, म्हनतो. भर दर्यात बंद परली तर माझ्या जिवावर नको, म्हनतो. आमी काय कराचा? बंदरावर सगल्यांना त्याचाच हात पायजे."

"अचानक काय झालं?"

"कोनाची तरी गारी हाय म्हने. हात काय सांगत होता नि मालक काय. मालक पेपरवाला, तो कशाला खोटा बोलंल?"

मी खाली पाहिलं. माझे बूट पॉलिश केलेले होते.

उस्ताद आले. नाखव्याशी दोन मिनिटं बोलले, हात जोडले, नकार दिला. एका कोपऱ्यात नवा स्कॅनर खोक्यासकट पडला होता; तो त्यांनी त्या दोन महिन्यांत आणला होता आणि त्यांना तो वाचता येत नव्हता. नाखवा निघाला. तो रस्त्याला लागायच्या आत मी बोललो. खारघर, लॅपटॉप, तीन आठवडे, सिग्नल, भाजी, सगळं. बातमी लिहावी तसं क्रमाने सांगितलं, कारण दुसरं काही येत नव्हतं.

उस्तादांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

"म्हणजे हा बरोबर बोलत होता."

"हो."

"दोन महिने मी याला खोटा म्हणतोय."

मी बाकावर बसलो.

"तुमच्या पेपरात चूक झाली की काय करता, साहेब?"

"खुलासा छापतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली."

"आणि चूक कुठे छापलेली असते?"

"कधी कधी पहिल्या पानावर."

त्यांनी शटर अर्धं ओढलं, रस्त्यावरच्या नाखव्याला हाक मारून थांबवलं आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. "चला करंजाला. पहिल्या पानावर छापा."

क्लच सरकत असल्यामुळे उरणच्या रस्त्याने आम्ही सायकलच्या वेगाने गेलो. मागे नाखवा बसला होता. एकाने मला शिव्या दिल्या नाहीत आणि दुसऱ्यानेही नाही, आणि मला ते फार जड गेलं. वाटेत उस्ताद फक्त एकदा बोलले. "दुसरा टाका."

बंदरावर लिलाव उरकत आला होता. बायका मासळीच्या टोपल्या उचलत होत्या, काही माणसं जाळी विणत बसली होती. नाखव्याने त्यांना जवळ बोलावलं. दहा-बारा जण आले. मी हजारो लोक वाचतील असा मजकूर रोज लिहिला आहे; बारा माणसांसमोर चार वाक्यं बोलताना पहिलं मनातल्या मनात दोनदा खोडलं. म्हणालो, उस्तादांचा हात चुकला नव्हता. मी गाडी दुसरीकडे नेली होती. त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो. खोटं बोललो.

मग सुके बोंबील निवडत बसलेल्या एका म्हातारीने मान वर न करता म्हटलं, "म्हंजे उस्तादाचा हात नाय गेला. या बाबाची जीभ गेली होती."

सगळे हसले. उस्तादही हसले. मी हसलो की नाही, ते आठवत नाही.

नाखव्याने बोट चालू केली. उस्ताद आत उतरले, मांडीवर हात पुसला आणि इंजिनावरच्या फळीवर तळवा ठेवला. तिथे कॅलेंडर नव्हतं म्हणून ते समुद्राकडे बघत राहिले. हात एकदा उचलला. पुन्हा ठेवला. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

"हां," ते म्हणाले. "दोन नंबरचा इंजेक्टर टपकतोय."

खोलून पाहिलं. टपकत होता.

मी खारघरला जाऊन इंजिनाची जुनी आकडेवारी परत घालून आणली. उस्तादांनी नवा क्लच बसवला. पुढे बोरघाटात मी एकदा कोंबड्यांच्या टेम्पोला मागे टाकलंही, तिसऱ्या गिअरमध्ये, बायकोच्या साक्षीने. पुढे गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं आणि पिंजरे रिकामे असल्याचं सांगितलं.

एक गोष्ट मात्र पूर्वीसारखी झाली नाही. उस्ताद पुन्हा करंजाला जाऊ लागले, हातही तसाच नेमका राहिला, पण तळवा ठेवण्याआधी ते आता प्रत्येक मालकाला विचारत, "कोणी हात लावला?" उत्तर येईपर्यंत थांबत. पूर्वी ते आधी गाडीला बोलू देत. आता आधी माणसाला विचारत. हा बदल कोणामुळे झाला, हे गॅरेजमध्ये फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाने तो विषय कधी काढला नाही.

या रमजानच्या ईदनंतर तिसऱ्या दिवशी उस्ताद झोपेत गेले. मी गेलो तेव्हा गॅरेजमध्ये एका टेम्पोचा क्लच उतरवलेला होता आणि त्याचे बोल्ट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते, कोणता कुठला ते कळावं म्हणून. ते तसेच होते. कोणी हात लावला नव्हता.

गाडी आता वीस वर्षांची आहे. दुसरीकडे नेतो. तिथे स्कॅनर आहे आणि तो वाचता येणारी माणसंही आहेत. सकाळी निघण्याआधी मी इंजिन चालू करतो, खाली उतरतो, पँटवर हात पुसतो आणि तळवा बॉनेटवर सपाट ठेवतो. बायको खिडकीतून बघत असते.

"काय म्हणते?" ती विचारते.

मी थोडा वेळ थांबतो. शेवटी खरं काय ते सांगतो.

"गरम आहे."