छबुबाईनं दिलेला डाग

धारूरच्या घाटाखाली एका लहानशा गावात छबुबाई राहायची. हाताची इतकी धीट की गावातले बाप्येसुद्धा तिला वचकून असत. कुणाला विंचू चावो, कुणाच्या पोटात कळ उठो, कुणाच्या बैलाचा खांदा सुजो, बोलावणं तिलाच यायचं. चुलीत विळा तापवायचा, लाल झाला की दुखण्यावर टेकवायचा. माणूस कितीही बोंबललं तरी हात मागं घ्यायचा नाही. डाग द्यायची ही विद्या तिला सासूनं शिकवली होती. निजामाच्या राज्यात दवाखाना म्हणजे कुठंतरी लांब, साहेबलोकांसाठी उघडलेली जागा. गावापुरता दवाखाना छबुबाईच.

नवरा आसाराम म्हणजे गरीब गाय. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. त्यामुळं बोलणं, भांडणं, सोयरीक जुळवणं, सगळं हिच्याकडं. एकुलती एक लेक शिवकन्या, अकरा वर्षांची. त्या काळच्या रीतीनं तिचं लग्न ठरलेलं होतं. स्थळ धारूरचं, खाऊनपिऊन सुखी. ही सोयरीक जुळावी म्हणून छबुबाईनं जिवाचं रान केलं होतं, आणि आता तिथं लेक नांदायला गेली की आपण सुटलो, असं ती येता-जाता म्हणायची.

गावचे देशमुख मोहनराव शिकारीचे शौकीन. त्यांच्याकडं एक कारवानी कुत्रा होता, उंच, लांब पायांचा, हरणामागं सुटला तर दिसेनासा होणारा. गावातल्या पोरांना ताक मिळायची मारामार, पण कुत्र्याला रोज दूध आणि सांभाळायला वेगळा गडी. एके दिवशी गडी गाफील राहिला आणि कुत्रा सुटला. शिवकन्या ओढ्यावरून पाणी घेऊन येत होती. मागून धपाधप पावलं वाजली तशी तिनं घागर टाकली, डोळ्यांवर हात धरले आणि डोळे गच्च मिटले. कुत्र्यानं तिला खाली पाडलं आणि गाल फाडला. शेजारच्या रानात निंदायला आलेल्या बायकांनी ढेकळं मारून त्याला हाकललं आणि पोरीला उचलून घरी आणलं.

छबुबाईनं रक्त पाहिलं आणि विळा चुलीत घातला.

"अगं, तोंड हाय ते," आसाराम रडकुंडीला आला. "लगनाची पोर हाय."

"कुत्रं पिसाळलेलं असलं तर पोरच ऱ्हायची न्हाई. धरा तिचे हात."

त्यानं धरले. लाल विळा गालावर टेकला तेव्हा शिवकन्येनं फोडलेली किंकाळी शेजारच्या बायका कितीतरी दिवस विसरल्या नाहीत. छबुबाईचा हात मात्र हलला नाही. दातांची एकेक खूण तिनं नीट जाळली, कारण एक जरी राहिली तरी विष तिथून चढतं, असं सासूनं बजावून ठेवलेलं. लेकीला मरणाच्या दारातून ओढून आणल्यासारखं तिला वाटलं. आणि कुत्रा? कुत्रा काही पिसाळलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मोहनरावांच्या घोड्यामागं ऐटीत शिकारीला गेला.

जखम भरायच्या आत धारूरहून होणारी विहीण, भिवराबाई, येऊन ओसरीवर बसली. तिनं पोरीच्या गालाकडं एकदाच पाहिलं, मग पाण्याचा तांब्याही तोंडाला लावला नाही.

"कुत्रं पिसाळलेलं नव्हतं हो," छबुबाई काकुळतीला आली. "आता बी मोकाट फिरतंय, दावते तुमाला."

"मंग डाग कावून देलता? इख असल्याबिगर कुणी लेकीचं थोबाड जाळतंय का? आज न्हाई तर चार वर्सांनी उठंल. माझ्या घरात न्हाई चालायचं." असं म्हणून ती बाई उठली. सोयरीक मोडली. बिरादरीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि भुंकत मरणारी सून कुणाला हवी असते!

छबुबाई पदर खोचून मोहनरावांच्या दारात गेली. आसाराम मागं, दहा पावलं सोडून.

"मालक, तुमच्या कुत्र्यानं पोरीचं वाटोळं केलं. तिला आता कुणी करून घेणार न्हाई. ओढ्याकाठचं रान तिच्या नावानं करून द्या, तिच्या जन्माची भाकर होईल."

मोहनराव पान लावत होते. "माझा कुत्रा बांधलेला होता," ते म्हणाले. "लुगडं-चोळी घे अन् गप घरी जा. तुझं तोंड लई चालतंय."

लुगडं तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान पोरीच्या अंगाला झालं असतं, असं लोक पुढं म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला? ढेकळं मारणाऱ्या त्याच बायका आता म्हणत होत्या, कुत्रं होतं खरं, पण कुणाचं ते दिसलं नाही. त्यांचे नवरे देशमुखांच्या रानात राबत होते. त्यांना तरी काय बोलावं, पोट सगळ्यांनाच आहे.

तालुक्याच्या गावी बंकटराव नावाचे वकील होते. मराठी बोलत, उर्दूत लिहीत. छबुबाई लेकीला घेऊन त्यांच्या दारात बसली. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"ज्याचं जनावर त्यानं हर्जाना द्यायचा, असं अदालतीत मागता येतं," ते म्हणाले. "साक्षीदार नसले तरी चालेल, दातांची जखम बोलते. बघू." त्यांनी पोरीच्या गालावरचा पदर बाजूला केला आणि कपाळावर हात मारला. "बाई, हे काय करून बसलीस? दात कुठं आहेत यात?"

"जाळले की. एक बी ठिवला न्हाई." हे ती अभिमानानं बोलली, बिचारी.

वकिलांनी पदर पुन्हा गालावर ओढला. मग म्हणाले, "आता पोरीच्या तोंडावर सगळं आहे. हाकीम लहान लेकराचं ऐकतो. तिला पढवून ठेव. मोहनरावांचा कुत्रा, पांढरा, गळ्यात पट्टा, त्यानं गाल फाडला. एवढं चार वेळा म्हणून घे."

"पढवायचं कावून? आमी काय लबाड हाव का? जे झालं ते पोर सांगंल."

बंकटरावांनी समजावलं. तिनं ऐकलं नाही. सत्याला शिकवणी कशाला, असा तिचा ताठा. दारिद्र्यात माणसाकडं ताठ्याशिवाय दुसरं असतं तरी काय!

अदालतीच्या दिवशी मोहनराव फेटा बांधून आले होते. मुन्सफ म्हातारे होते, पांढरी दाढी, आवाज मऊ. ते उर्दूत विचारत आणि शेजारी बसलेला कारकून, पेशकार, मराठीत सांगे. आधी बंकटरावांनी विचारलं, "बाळ, तुला कुत्रा चावला का?"

"व्हय."

"कुणाचा?"

शिवकन्येनं आईकडं पाहिलं, मग वकिलाकडं. "मी डोळे मिटलेते," ती म्हणाली.

छबुबाईला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं, पण शिपायानं हातानंच दटावलं. मुन्सफांनी पोरीला जवळ बोलावलं. त्यांना खरोखरच दया आली होती. त्यांनी गालावरचा लांबट, सुरकुतलेला व्रण न्याहाळला आणि विचारलं. पेशकारानं सांगितलं, "साहेब विचारतात, बेटा, भिऊ नको. हे तुझ्या तोंडाला कुणी केलं?"

इतक्या मायेनं तिला त्या दिवसापासून कुणी विचारलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मायनं," ती म्हणाली.

"कशानं?"

"इळ्यानं. बापानं हात धरलेते."

अदालतीत कुजबुज झाली. मोहनरावांच्या वकिलाला उठायचीही गरज पडली नाही. बंकटराव डागाची रीत समजावून सांगू लागले, तेव्हा मुन्सफ एवढंच म्हणाले की कुत्र्याची खूण कुठंच नाही आणि विळ्याची डोळ्यांसमोर आहे. फिर्याद फेटाळली. वर आईबापांना ताकीद, की पुन्हा लेकराला जाळलं तर तुरुंग दाखवू. डाग पाहून भिवराबाईनं ठरवलं की कुत्रा चावलाच. तोच डाग पाहून अदालतीनं ठरवलं की चावलाच नाही. दोन्हीकडं शिक्षा एकाच घराला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

परतीच्या वाटेवर आसाराम रडत पुढं निघून गेला. मायलेकी मागं चालत होत्या. बऱ्याच वेळानं शिवकन्या म्हणाली, "माय, तू म्हणलीतीस जे झालं ते सांग. मी खरंच सांगितलं ना?"

छबुबाई थांबली.

"व्हय बाय. खरंच सांगितलंस."

पोरीचा जीव भांड्यात पडला. तिनं आईचा हात धरला आणि ती निवांत चालू लागली.

शिवकन्येचं लग्न झालं नाही. ती आईच्याच घरात मोठी झाली, तिथंच तिचे केस पांढरे झाले, आणि तिला काही विष चढलं नाही. रोज दोन वेळा छबुबाई तिला जेवायला वाढायची. भाकरी ताटात पडायची, पण छबुबाई मान वर करायची नाही.