मालनबाईचा अंगठा

मालनबाईचा मला पहिल्या दिवशी राग आला होता, हे आधी सांगून टाकते. साल १९७४. बदनापूरकडच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात मी नर्स होते, आणि सकाळच्या गर्दीत प्रश्न विचारत बसणारी बाई म्हणजे मला डोकेदुखी वाटायची.

मालनबाई शेती संशोधन केंद्रावर रोजानं जायची. खुरपणी, फवारणी, चिठ्ठ्या लावलेल्या वाफ्यांची देखरेख. अंगावरून फार जाऊन तिचं रक्त सहावर आलं होतं. पिशवीचं ऑपरेशन करायचं तर आधी रक्त वाढायला हवं, आणि लोहाच्या गोळ्यांनी तिला उलट्या होत. म्हणून डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं.

आमच्याकडे रीत अशी, की उपचार बाईवर आणि कागदावर अंगठा नवऱ्याचा. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, मलाही नाही. मी शाईची डबी पुढे केली, तिचा नवरा भिवा यानं मुकाट्यानं अंगठा बुडवला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"बाई, औषध माझ्या अंगात जाणार, मंग अंगठा यांचा कामून? अन् त्या कागदात लिव्हलंय काय, ते तर सांगा."

भिवाचा निळा अंगठा हवेतच राहिला. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "डॉक्टरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतंच की. म्हणून तर इचारून राह्यले."

डॉक्टर हसले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. या औषधानं रक्त लवकर भरतं, ते म्हणाले. बहुतेकींना काही होत नाही, कुणाला दोन दिवस ताप येतो, सांधे दुखतात. पण क्वचित एखादीच्या अंगाला ते बिलकुल सोसत नाही. दम कोंडतो, नाडी बसते, जीवही जाऊ शकतो. ती एखादी कोण, हे आधी सांगता येत नाही.

मालनबाई म्हणाली, "आमच्या केंद्रावर नवं औषध आलं की आधी एका वाफ्यावर मारतेत. बघतेत, अन् मंग बाकीच्या रानावर. तसं माझ्यात जमतं का?"

"जमतं. तसंच करायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "आधी थोडे थेंब. सिस्टर अर्धा तास तुमच्याजवळ बसतील."

"मंग आणा डबी," ती म्हणाली, आणि स्वतःचा अंगठा उठवला. भिवानं आपला धोतराला पुसला.

मी मनातून जळफळले. खरं सांगायचं तर असे थेंब सुरू करून मी कितीदा तरी दुसऱ्या कामाला निघून गेले होते. पण नळी लावून होताच मालनबाईनं स्टुलाकडे बोट दाखवलं, "बसा बाई," म्हणाली, आणि मी बसले.

पाच-सात मिनिटांत तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. "छातीत आवळून राह्यलं," ती कशीबशी बोलली. मी लगेच नळी बंद केली, डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी तयार ठेवलेलं इंजेक्शन दिलं. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. मी उठून गेले असते तर ती त्या खाटेवरच गेली असती. मला फार लाज वाटली, आणि ती मी तिला बोलूनही दाखवली.

"बसल्या न्हवं तुम्ही," ती म्हणाली. "झालं तर मंग."

पुढं गोळ्याच सुरू केल्या, अर्धी अर्धी, पोटभर जेवल्यावर. चार महिने लागले, पण रक्त दहावर आलं.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं पुन्हा सगळं विचारलं. या खेपेला स्टूल मी ओढलं आणि एकेक गोष्ट सांगितली. बाहेर रांग खोळंबली होती. भिवा खाटेशेजारी उभा होता, शाईची डबी दोन्ही हातांत उघडी धरून.

"इचार समदं," तो तिला म्हणाला. "मला काई जल्दी न्हाई."