थोरली हलली की

तिला घरात सगळे मधलीच म्हणतात. ताईच्या पाठची आणि धाकटीच्या आधीची, म्हणून मधली. बाई जात्याच चुळबुळी. बसली तर पाय हलणार, उभी राहिली तर किल्ल्या वाजणार, आणि चार माणसं शांत बसलेली दिसली की हिला वाटणार, नक्की काहीतरी बिघडलंय!

पोटापाण्याला ती लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिते. बटणांच्या पॅनेलचा प्रोग्रॅम वेगळा, दरवाजाचा वेगळा, वर गच्चीवरच्या खोलीत लिफ्ट चालवणारी जी पेटी असते तिचा वेगळा. प्रत्येकाला आपापला व्हर्जन नंबर, म्हणजे कितवी आवृत्ती ते सांगणारा, तीन आकड्यांचा. चार, दोन, सात असा. पूर्वी हे नंबर जो तो हाताने बदलायचा. एकाने बदलला आणि दुसरा विसरला की सगळ्यांच्या नाकी नऊ. शेवटी वैतागून हिनेच एक टूल लिहिलं. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की सगळ्या प्रोग्रॅमचे नंबर एका दमात बदलतात. टूलचं नाव ‘चढ’. आणि तीन आकड्यांची नावं थोरली, मधली, धाकटी. नावं शोधायला काय लांब जायचंय!

डागडुजी केली की धाकटी चढवायची. नवी सोय आली की मधली. पण जुन्याचं नव्याशी पटणारच नाही असा बदल असेल, तर थोरली. आणि थोरली हलली की मागच्या दोघी शून्यावर. धाकटी चढली तर नवा प्रोग्रॅम आपोआप इमारतीइमारतीत जातो, कुणी विचारत नाही. थोरली चढली तर मात्र मेकॅनिकने जागेवर जाऊन सगळं एकत्र बदलायचं. ऑफिसात आता मोठमोठे बाप्येसुद्धा “धाकटी चढवू का?” असं विचारतात आणि कुणालाही हसू येत नाही.

तर त्या दिवशी सकाळी ती ऑफिसात पोचते न पोचते तोच ताईचा फोन आला.

“अगं, माझी बढती झाली. पण दुसऱ्या गावाला जायला लागणार. बाबा तुझ्याकडे राहतील. तसा किरकोळ बदल आहे, जमेल ना?”

“हो, हो. जमेल की! न जमायला काय झालं?”

फोन ठेवला आणि हिचं सगळं अंग बेचैन. बाबांना झटका आल्यापासून त्यांची जीभ जड झालेली. ते काय बोलतात ते फक्त ताईला कळतं. ही भेटायला गेली की बाबा काहीतरी सांगायचे, ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, “पंखा कमी कर म्हणतायत!” आणि ही पंखा कमी करायची. धाकटी तर परगावी, उंटावरून शेळ्या हाकणारी. उद्या ताई नसेल. बाबा बोलतील आणि ही बघत बसेल. ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. शेजारच्या टेबलावरचा टेस्टर, म्हणजे प्रोग्रॅम तपासणारा, म्हणाला, “पायाला भिंगरी लावलीय का?” ह्याला ऑफिसात शंकासुर म्हणतात, कारण शंका काढणं हाच त्याचा धंदा.

“गप रे. नवा प्रोग्रॅम जाऊ दे एकदाचा,” म्हणत तिने काळी खिडकी उघडली. साहेबांनी सांगितलं होतं धाकटी. बोटांनी लिहिलं थोरली. एंटर.

“बाई!” शंकासुर किंचाळला. “पाच, शून्य, शून्य! मधली-धाकटी गेल्या कुठे?”

मधलीच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्याच टूलवर हात दाखवून अवलक्षण! पण ती नंबर मागे घेणार तोच शंकासुराने शंका काढलीच. “थांब. पॅनेल आणि पेटी एकमेकांना जे सिग्नल पाठवतात, ते आपण बदललेत ना? मग ही चूक कशी?”

तेवढ्यात साहेब आले. “थोरली? छे छे! गिऱ्हाइकं घाबरतात. धाकटी चढवा. किरकोळ बदल आहे.”

किरकोळ म्हटल्याबरोबर तिचं डोकं सणकलं.

“किरकोळ कसला, साहेब? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? नवं पॅनेल जे बोलेल ते जुन्या पेटीला कळणारच नाही. आतला माणूस बटणं दाबत बसेल आणि...”

 डोळे भरून आले. लिफ्टसाठी कुणी रडतं का? साहेब बिचारे गडबडले. “बरं बरं, राहू दे थोरली. मी समजावतो गिऱ्हाइकांना. रडता काय!”

ऑफिस सुटल्यावर ती तडक ताईकडे गेली. दारातच म्हणाली, “ताई, मी सकाळी खोटं बोलले. हे किरकोळ नाही. मला भीती वाटते. बाबांचं एक अक्षर कळत नाही मला.”

ताई दाराला टेकली. “मला काय माहीत नाही का? किरकोळ म्हटलं नसतं तर माझा पाय निघाला असता का गं?”

“जा तू. तुझ्या हक्काची बढती आहे. पण बाबांचं बोलणं मला शिकायचंय. आजपासून. तू मधे बोलू नकोस.”

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. हिला बघून त्यांनी हात हलवला आणि काहीतरी म्हणाले. पाणी? मान नाही म्हणाली. चष्मा? नाही. पंखा? खिडकी? उशी? ती भिंगरीसारखी खोलीभर फिरली, एकेक वस्तू आणून पुढे धरत राहिली. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि जड जिभेने एक शब्द फेकला.

मधली जागच्या जागी उभी राहिली.

“गाढव म्हणाले,” ती हळूच म्हणाली. “ताई, मला गाढव म्हणाले ना?”

ताईला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत तिने नुसती मान हलवली.

“कळलं!” मधली म्हणाली. खाली बसून तिने बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि लहानपणी गणित चुकल्यावर रडायची तशी मोठ्याने रडली. “बाबा, कळलं मला. आता पुन्हा सांगा, काय हवंय?”