साडेआठचं टेबल

माणूस एकत्र जेवायला लागला आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली, असं माझं फार वर्षांपासूनचं ठाम मत आहे. हे मत मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, कँटीनच्या बाकावर एकट्यानं डबा खाता खाता बनवलं.

त्या मताची परीक्षा गेल्या हिवाळ्यात एका जहाजावर झाली. मुलीनं आम्हा दोघांना सहल भेट दिली होती: मुंबईहून कोची, तिथून गोवा आणि परत मुंबई. जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक लांबट इमारत होती. आत लिफ्ट होत्या, झुंबरं होती आणि एका जिन्याला संगमरवरासारखा दिसणारा कठडा होता. तो मी टिचकी मारून पाहिला. प्लास्टिक होतं.

जेवणाच्या दोन तऱ्हा होत्या. एक 'फ्लेक्सिबल डायनिंग': पाहिजे तेव्हा जा, पाहिजे तिथं बसा, उचलून घ्या आणि खा. घरी याला वेळी-अवेळी खाणं म्हणतात आणि त्याबद्दल बोलणी बसतात. दुसरी 'ट्रॅडिशनल डायनिंग': रोज तीच वेळ, तेच टेबल, तोच वाढणारा आणि समोर तीच माणसं. याला आपल्याकडे संसार म्हणतात.

मुलीनं परस्पर पहिली तऱ्हा निवडली होती. "बाबा, आयुष्यभर भोंग्यावर जगलात. आता पाहिजे तेव्हा जेवा," ती फोनवर म्हणाली. बायको शेजारूनच म्हणाली, "बरं केलंस बाई." जहाजावर चढल्यावर बायको खोलीतल्या कपाटाची दारं उघडून बघत होती, तेवढ्यात मी खाली गेलो आणि काउंटरवरच्या तरुणाला म्हणालो, आम्हाला ठरलेलं टेबल पाहिजे.

"सर, लोक उलटं मागतात," तो म्हणाला. मग त्यानं पडद्यावर पाहिलं. "साडेआठची बॅच आहे. चालेल?"

साडेआठ. मला दुसरी कुठलीच वेळ नको होती.

याचं कारण सांगायचं तर बोईसरला परत जावं लागेल. मी मूळचा कऱ्हाडकडचा. बायको सफाळ्याची, भातशेतीच्या घरातली. लग्न झालं तेव्हा मी कारखान्यात पाळीचा सुपरवायझर होतो आणि पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. दुसरी पाळी दुपारी सुरू होऊन रात्री अकराला सुटायची. म्हणजे त्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण कारखान्यात. नव्या नवरीला हे सांगताना मला अपराध्यासारखं वाटलं होतं. तिनं डबा हातात दिला आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा इथं ऐकू येतो ना? तो झाला की मी पण पान घेईन. म्हणजे एकत्रच जेवलो की नाही?"

मी तसा कशावर चटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही. सुरक्षा सप्ताहात आम्ही दरवर्षी हात पुढे करून शपथ घ्यायचो. शपथ देणारे साहेब हेल्मेट उलटं घालायचे. वार्षिक सभेत संचालक कामगारांना 'माझं कुटुंब' म्हणायचे आणि कुटुंबाला लाडवाचं पाकीट देऊन निघून जायचे. या सगळ्याकडे मी मागच्या रांगेतून, पुस्तक मांडीवर ठेवून पाहिलं. पण दारातल्या त्या वाक्यावर मात्र मी जो विश्वास ठेवला, तो निवृत्तीपर्यंत.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्याची तयारी सगळ्या गल्लीला कळायची. नवापूरहून मासळीवाली यायची. ती टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "वैनी, शेट कंच्या पालीला हाय?" दुसरी म्हटलं की ताजा मासा ती दाखवायचीच नाही. "मंग ह्यो नको घेऊ. डब्यान वास मारंल. सुके बोंबील हायत, ते घे." बायको घासाघीस करायची, मासळीवाली शेवटी दोन बोंबील जास्त टाकायची आणि म्हणायची, "हे शेटला नाय, तुला."

कँटीनमध्ये डबे गरम करायला वाफेवर चालणारी पत्र्याची पेटी होती. बोंबलाचा डबा त्यात गेला की शाकाहारी मंडळी आपले डबे काढून घ्यायची. साडेआठला भोंगा व्हायचा. खरं तर भोंगा झाला की सगळे उठले असं आमच्याकडे नव्हतं. रसायन शिजत असलं की त्याच्यापाशी कुणीतरी लागतंच, त्यामुळे लोक एकमेकांना मोकळं करत जमेल तसे जेवायचे, कुणी आठला, कुणी दहाला. जहाजाच्या भाषेत तेही फ्लेक्सिबलच. फक्त मी भोंग्यावर उठायचो. माझ्या हाताखालच्या बिहारी ऑपरेटरला कारण ठाऊक होतं. मी कामात असलो तर तोच आठवण करायचा, "साहब, भोंगा बज गया. भाभीजी थाली पे बैठ गयी होंगी. जाइए, जाइए, इधर हम हैं." बाकीचे हसायचे. मी जायचो. बाकावर बसून पहिला घास घेताना तीन किलोमीटरवरच्या आमच्या स्वयंपाकघरात तिनंही पहिला घास घेतलेला असायचा. ती पाटावर बसलेली, मागं स्टोव्ह निवत असलेला, हे मला अगदी दिसायचं.

एकदा तर मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांचं भाषण कँटीनमध्येच चालू होतं. विषय शिस्त. त्यात भोंगा झाला. मी डबा घेऊन मागच्या दारानं बाहेर गेलो आणि सायकली लावायच्या शेडमध्ये बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली तेव्हा पोटाचा त्रास असल्याचं सांगितलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

कारखाना आता नाही. जागेवर गोदामं आहेत. बोईसरला साडेआठ वाजतात ते आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. निवृत्तीनंतर आम्ही घरी कसे जेवतो हे विचाराल तर ते जेवणच नव्हे. कधी मालिकेसमोर, कधी नातवाला भरवताना, कधी तिचं आधी, कधी माझं नंतर. भोंगा गेल्यापासून आमची पंगत मोडली होती, असं मला वाटायचं. म्हणून ते टेबल हवं होतं. या सहलीत तरी रोज साडेआठला, एकमेकांसमोर बसून. दोघांमधलं ते तीन किलोमीटरचं अंतर वजा करून.

खोलीत येऊन मी बायकोला टेबलाचं सांगितलं. ती कपाटात साडी लावत होती. "कशाला ती दगदग?" म्हणाली. पण टेबल मिळालंय म्हटल्यावर, "बरं, येईन," असंही म्हणाली.

जेवणघर भव्य होतं. वाढणाऱ्याच्या हातात पांढरे हातमोजे होते. आमच्या टेबलावर वलसाडचे एक कापडवाले आणि त्यांची बायको होती. त्यांनी घरून आणलेल्या ठेपल्यांचा डबा टेबलाखाली मांडीवर धरला होता आणि त्यातून ते अधूनमधून मदत घेत होते. मासा मागवला तर परातीएवढी ताटली आली. शेत मोठं होतं, पीक मधल्या एका वाफ्यातच आलं होतं. वर एक पान उभं केलेलं.

मी मजेत जेवत होतो. बायकोनं सुपाचे दोन चमचे घेतले, मासा इकडून तिकडे सरकवला आणि पाव चुरगाळत बसली.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे की."

"मग जेवत का नाहीस?"

"जेवतेय ना. तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशीही तेच. शिवाय तिला जांभया येत होत्या आणि त्या ती नॅपकिनमागं लपवत होती. कापडवाल्यांच्या बायकोनं पर्समधून ओव्याची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "भाभी को समंदर लगा है," त्या मला म्हणाल्या, जसं काही समुद्र मीच लावला होता.

माझी पहिली शंका तिच्या तब्येतीची होती. या वयात माणसाची भूक जाते तेव्हा डॉक्टर बऱ्याच चाचण्या लिहून देतात, आणि त्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. दुसरी शंका मी मनातसुद्धा नीट मांडली नाही. ती माझ्याविषयी होती. इतकी वर्षं आम्ही लांबून एकत्र जेवलो ते उत्तम चाललं होतं. आता समोरासमोर बसल्यावर हिचा घास उतरत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

तिसऱ्या दिवशी दुपारी कोचीला फिरून पाय दुखले होते. परत येऊन मी आडवा झालो तो सातच्या सुमारास जाग आली. बायको खोलीत नव्हती. तिची चप्पलही नव्हती. मी डेकवर पाहिलं, दुकानांच्या गल्लीत पाहिलं आणि शेवटी सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो, जिथं ती फ्लेक्सिबल मंडळी ताटल्या घेऊन रांगेत उभी असतात.

ती खिडकीपाशी बसली होती. समोर भात, आमटी, बटाट्याची भाजी, पापड आणि एका वाटीत दोन गुलाबजाम. चष्मा कपाळावर चढवलेला. ती मन लावून जेवत होती. भूक गेलेल्या माणसाचं ते जेवण नव्हतं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "अगं, हे काय?"

"जेवतेय," ती म्हणाली. "बसा ना."

"साडेआठला आपलं टेबल आहे."

"आहे की. येते ना मी तिथं."

"रोज असं जेवून येतेस?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही या वेळेला घोरत असता. उठवून काय सांगायचं, की मी जेवायला चालले?"

मी बसलो. तब्येतीची शंका मिटली होती, पण त्या समाधानाला पुरता वेळ मिळाला नाही. मी म्हणालो, "पण साडेआठ ही तुझी नेहमीची वेळ. तुला तर भोंग्यावर जेवायची सवय."

तिनं चमचा खाली ठेवला. "कुणाला? मला?"

"दुसऱ्या पाळीला. मी तिकडे, तू इकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा बघितलं. रागावली किंवा गडबडली की तिच्या तोंडी सफाळं येतं. "नाय हो," ती म्हणाली. "पहिलं एक वर्ष थांबले असेन. आमच्याकडे दिवेलागणीला जेवणं उरकतात, माझा जीव जायचा भुकेनं. मग पोरगी झाली. तिला सातला भरवायचं तर तिच्याबरोबर मीही चार घास खायला लागले. मग तेच पडलं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्ही एवढे खुशीत असायचात. आल्या आल्या म्हणायचात, आज भोंग्याला मी पहिला घास आमटीचा घेतला, तू कशाचा? मग मी काहीतरी सांगायचे."

मला त्या सगळ्या उत्तरांची आठवण झाली. भाजीचा. भाताचा. एकदा ती म्हणाली होती, लोणच्याचा, आणि त्यावर मी आठवडाभर खूश होतो. शेडमध्ये सायकलींच्या मध्ये बसून खाल्लेले बोंबील आठवले. तो बिहारी ऑपरेटर आठवला, 'थाली पे बैठ गयी होंगी' म्हणणारा. मला सोडवायला तो स्वतः किती उशिरा जेवायचा.

"मग भोंगा झाल्यावर तू करायचीस काय?" मी विचारलं.

"काय करणार? भोंगा वेळेवर झाला की कळायचं, तिकडं सगळं ठीक आहे, हे जेवायला बसले. तुमच्या त्या कारखान्याचा काय भरवसा होता? दिवसभर जीव टांगणीला." तिनं पापड मोडला. अर्धा माझ्यापुढे ठेवला. "भोंगा ऐकला की मी आडवी व्हायचे. लगेच डोळा लागायचा. तुम्ही येईपर्यंत मस्त झोप."

खिडकीबाहेर अंधार पडला होता आणि पाणी कारखान्यातल्या टाकीइतकं काळं दिसत होतं. मी अर्धा पापड खाल्ला. ती म्हणाली, "ताटली घेऊन या ना. तिथं रांग नाही आत्ता."

मला भूक नव्हती. तरी गेलो.

शेवटच्या दिवशी गोव्यात मी वलसाडच्या कापडवाल्यांना गाठून सांगितलं, आज आम्ही टेबलावर नसू. त्यांच्या बायकोनं काळजीनं विचारलं, "भाभी को ठीक नहीं?" मी म्हणालो, ठीक आहे, भूक लागते आहे. त्यांनी ओव्याचं श्रेय घेतलं आणि मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं नाही.

सातला आम्ही दोघं वर जाऊन जेवलो. आमटीला फोडणी नव्हती हे दोघांनाही एकाच वेळी जाणवलं. तिनं माझा गुलाबजाम घेतला. मी पहिला घास भाताचा घेतला आणि तिनंही भाताचाच घेतला, हे मी या वेळी डोळ्यांनी पाहिलं. नंतर खोलीत येऊन ती पडली, मी दिवा बारीक करून पुस्तक उघडलं.

साडेआठला जहाजानं गोवा सोडलं आणि भोंगा दिला. भोंगा चांगला मोठा होता, आमच्या कारखान्याच्या भोंग्यापेक्षाही मोठा. मी तिच्याकडे पाहिलं. तिला झोप लागली होती.