अंड्यावरची रेघ जुळली, पण...

मंडळी, आज डोकं पार भंजाळलंय.

अंड्यावर नक्षी काढणारा रोबोट मी हौसेने बनवलाय. अंडं गोल फिरतं, वरून पेन चालतं. पण रेघ फिरून सुरुवातीला मिळतच नव्हती. मोटर बदलली, कोड तपासला, ढिम्म फरक नाही.

बाबांमुळे आमचं कोथरूडचं घर कट्टर शाकाहारी, म्हणून हा उद्योग बाल्कनीत. आई दारातून बघत होती. म्हणाली, "कच्चं अंडं आहे ना? आतलं डचमळतं, म्हणून घसरतंय. आण इकडे."

थोड्या वेळाने तिने ते मस्त कडक उकडून आणलं. रेघ बरोब्बर जुळली!

पण अंड्याला कधीही न शिवलेल्या आईला हे कळलं कसं? विचारलं, तर म्हणते, "रेघ जुळली ना? मग बाबांसमोर विषय नको."

तुम्हाला काय वाटतं?